मुंबईचे सोने आणि लोणारची खोली

लोणारच्या विवराच्या कडेवर उभे राहिले की तळ्याचे पाणी सुमारे 137 मीटर खाली दिसते. तळे स्वतः उथळ, अवघे काही मीटर खोल. पण हे विवर काठोकाठ समुद्राच्या पाण्याने भरले आहे, अशी कल्पना करावी. 1922 साली मुंबईसाठी निघालेले सोने जवळपास एवढ्याच खोल पाण्यात जाऊन पडले होते.

पी. अँड ओ. कंपनीचे ‘इजिप्त’ हे जहाज 19 मे 1922 रोजी लंडनजवळच्या टिलबरीहून मुंबईकडे निघाले. तिजोरीत दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी होते. खलाशांत हिंदुस्थानी लस्करांची संख्या मोठी. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी फ्रान्सच्या उशां बेटाजवळ दाट धुक्यात ‘सेन’ या फ्रेंच मालवाहू जहाजाने त्याला धडक दिली. सुमारे वीस मिनिटांत ‘इजिप्त’ बुडाले आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. सोने सुमारे 128 मीटर खोल गेले.

ते काढायला पाणबुडे का उतरवले नाहीत? पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळत राहतो. माणूस घाईने वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधे जखडतात, पाय लुळे पडतात, जीवही जातो. त्यामुळे सावकाश, एकाच गतीने वर येणे हाच उपाय मानला जाई.

जे. एस. हाल्डेन यांनी बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह दाबाच्या कोठीत शेळ्या ठेवून ही समजूत तपासली आणि 1908 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. एकूण दाब निम्म्यावर आणला तर शरीर ते सहन करते. म्हणून पाच वातावरणांच्या दाबातून, म्हणजे 40 मीटरवरून, आधी थेट 15 मीटरपर्यंत यावे आणि तेथून पुढे टप्प्याटप्प्याने थांबत यावे. खोल पाण्यात रेंगाळण्याने वायू उलट अधिक मुरतो.

डॅमंट यांनी हे ज्ञान स्वतः वापरले. आयर्लंडजवळ बुडालेल्या ‘लॉरेंटिक’मधून, सुमारे 40 मीटर खोलीवरून, 1917 ते 1924 या काळात 3211 पैकी केवळ 25 विटा सोडून सारे सोने त्यांच्या पाणबुड्यांनी काढले. एकही जीव न गमावता!

‘इजिप्त’चे प्रकरण वेगळे होते. तेथे दाब जवळपास 14 वातावरणांचा. तेव्हा ‘सोरिमा’ या इटालियन कंपनीने माणसाला दाबातच जाऊ दिले नाही. पोलादी कोठीत, पृष्ठभागावरच्याच हवेत बसवून त्याला खाली सोडले. काचेतून पाहत तो दूरध्वनीवरून वरच्या यारीला सूचना देई. ऑगस्ट 1930 मध्ये जहाज सापडले. डिसेंबरात दारूगोळ्याने भरलेले दुसरेच एक बुडालेले जहाज फोडताना कंपनीचे ‘आर्तिल्यो’ उडाले आणि मुख्य पाणबुडे अल्बर्टो जानी यांच्यासह अनेक जण मेले. दगा दिला तो खोलीने नव्हे, तर उथळ पाण्यातल्या जुन्या स्फोटकांनी. दुसरे जहाज घेऊन आलेल्या सहकाऱ्यांनी अखेर जून 1932 मध्ये सोने वर आणले.

आज तांत्रिक पाणबुडीचे शिक्षण याच आकडेमोडीपासून सुरू होते. 12 लिटरच्या टाकीत 200 बार दाबाने 2400 लिटर हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर घेणारा माणूस 128 मीटरवर सुमारे 280 लिटर घेईल. टाकी नऊ मिनिटांच्या आत रिकामी. म्हणून पाठीवर जोडटाक्या आणि मधली झडप, एका बाजूची गळती दुसरीला रिकामी करू नये यासाठी. शिवाय साधी हवा तेथे विषच ठरते. तिच्यातील ऑक्सिजनचा दाब 2.9 बारवर जातो, तर 1.6 ही कमाल मर्यादा मानली जाते. नायट्रोजनची नशा वेगळीच. त्यामुळे हेलियमचे मिश्रण आणि वाटेतल्या थांब्यांसाठी निराळे वायू. इटालियन कोठीतला माणूस काही मिनिटांत वर येई. जोडटाक्यांच्या पाणबुड्याला त्याच खोलीवरून परतायला तास लागतात. आणि लोणारचे ते कल्पित पाणी खरे असते, तर आणखी थांबावे लागले असते. समुद्रसपाटीपासून 300 मीटरपेक्षा उंच जागी हवेचा दाब कमी असतो आणि समुद्रासाठी केलेली थांब्यांची कोष्टके तेथे जशीच्या तशी चालत नाहीत.