ग्रेग फिलिंगेन्स : दौऱ्यांचा संगीतसूत्रधार

'संगीत दिग्दर्शक' म्हटले की मराठी वाचकाला चाली बांधणारा चित्रपट-संगीतकार आठवतो. पाश्चात्त्य पॉप गायकांच्या दौऱ्यांत या पदाचा अर्थ निराळा आहे. चाल आधीच झालेली असते, अल्बम घरोघरी पोहोचलेला असतो. तीच गाणी नव्या शहरात, नव्या श्रोत्यांपुढे पुन्हा उभी करणे हे त्याचे काम. आपल्याकडील संगीत संयोजकाशी त्याचे नाते अधिक जवळचे. अमेरिकी कीबोर्डवादक ग्रेग फिलिंगेन्स यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

डेट्रॉइट येथे १९५६ साली जन्मलेले फिलिंगेन्स ऐन तारुण्यात स्टीव्ही वंडर यांच्या 'वंडरलव्ह' या वाद्यवृंदात दाखल झाले. पुढे क्विन्सी जोन्स यांनी निर्मिलेल्या मायकेल जॅक्सन यांच्या 'ऑफ द वॉल' (१९७९), 'थ्रिलर' (१९८२) आणि 'बॅड' (१९८७) या तिन्ही अल्बमांत त्यांनी वादन केले. १२ सप्टेंबर १९८७ रोजी टोकियोत सुरू झालेल्या 'बॅड' दौऱ्याचे संगीत दिग्दर्शन त्यांच्याकडे आले, ते या ओळखीमुळेच. जानेवारी १९८९पर्यंत या दौऱ्याचे १२३ कार्यक्रम झाले. पुढे नामवंत गायिका झालेल्या शेरिल क्रो तेव्हा साथीच्या गायकवृंदात होत्या.

स्टुडिओत एकावर एक थर चढवून ध्वनिमुद्रित केलेले गाणे रंगमंचावर मोजक्या हातांनी वाजवायचे असते. कोणता थर वादकाने वाजवावा, कोणता सिंक्लेव्हियरसारख्या संगणकीय वाद्याकडे सोपवावा, दोन गाण्यांमधला सांधा कसा जुळवावा, हे तालमीतच ठरते. लय किंचित वाढली तरी नर्तकांची पावले चुकतात. उलट गायक एखाद्या मुद्रेत थबकला, तर साऱ्या ताफ्याला त्याच्या इशाऱ्यासाठी थांबावे लागते. ही सारी उठाठेव श्रोत्यांना जाणवू नये, यातच यश. त्यामुळे हा मनुष्य बहुधा अप्रसिद्धच राहतो. जॅक्सन यांच्या निधनानंतर २००९ साली आलेल्या 'धिस इज इट' या चित्रपटात मात्र तालमीत ते संगीत दिग्दर्शक मायकेल बिअर्डन यांच्याशी एकेका विरामासाठी कसे झटत, हे प्रेक्षकांना पाहावयास मिळाले.

फिलिंगेन्स यांनी एरिक क्लॅप्टन यांनाही साथ केली आणि काही वर्षे 'टोटो' या बँडमध्ये वादन केले. २ ऑक्टोबर २०११ रोजी माँट्रियल येथे सर्क द्यू सोलेच्या 'मायकेल जॅक्सन : द इमॉर्टल' या दौऱ्याचा प्रारंभ झाला. त्याचेही संगीत दिग्दर्शन त्यांच्याकडेच होते. आवाज जॅक्सन यांचा, पण ध्वनिमुद्रित. साथ मात्र प्रत्यक्ष. वादकांत जॅक्सन यांच्या जुन्या ताफ्यातील ड्रमवादक जोनाथन मॉफेट आणि बेसवादक डॉन बॉयेट होते. ज्या गायकाच्या इशाऱ्यासाठी ते एके काळी थांबत, त्याचा विराम आता कायमचा मुद्रित झाला होता.