वसईची सही

मुंबईच्या उत्तरेस, खाडीच्या मुखाशीं वसईचा किल्ला आहे. आंत शिरतां छपरें कोसळलेलीं ख्रिस्तमंदिरें, त्यांच्या उंच कमानी व कोरीव थडगीं दृष्टीस पडतात. गुजराथच्या बहादुरशहानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांस दिली. त्यांनीं येथें दोनशें वर्षें नांदतें शहर वसविलें. चिमाजीअप्पांनीं मे १७३९ मध्यें तें जिंकलें आणि पराभूत शिबंदीस सन्मानानें जाऊं दिलें. येथून नेलेल्या घंटा नाशकास नारोशंकराच्या देवळांत व भीमाशंकरीं आजहि पाहावयास मिळतात.

विजयाच्या या खुणा पाहून प्रवासी संतोषानें परततो. परंतु याच वसईस ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला. होळकरांच्या भयानें पुणें सोडलेल्या पेशव्यानें इंग्रजांची ६,००० पायदळाची फौज पदरीं बाळगण्याचें मान्य केलें व तिच्या खर्चास २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. तलवारीनें मिळविलेलें ६३ वर्षांनीं लेखणीनें गेलें.

त्याची झळ किनाऱ्यापुरती राहिली नाहीं. या तहांतून उद्भवलेल्या युद्धांत नागपूरकर भोसले हरले, आणि १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांच्या हातून गेला. वर्ध्याजवळची आजची नालवाडी नदीच्या ज्या बाजूस आहे, ती भोसल्यांकडे राहिली. पैलतीरींचें वऱ्हाड निजामाच्या वांट्यास आलें. समुद्रापासून इतक्या दूरच्या नदीसहि वसईच्या एका सहीनें सरहद्द बनविलें.

वसईस जाल तेव्हां चिमाजीअप्पांच्या जयाबरोबर ही सहीहि आठवावी.