दुष्काळातून थेट ‘घाशीराम’च्या प्रयोगाला

डिसेंबर १९७२. तुम्ही केदारखेड्याचे, तालुका भोकरदन, जिल्हा औरंगाबाद. जालना जिल्हा व्हायला अजून आठ-नऊ वर्षं आहेत. पूर्णा नदीत नुसती वाळू आहे. निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडतंय, घरात मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आहेत. जालन्याहून मीटरगेजची गाडी धरून तुम्ही मनमाडला उतरता आणि तिथं गाडी बदलून काम शोधायला पुण्यात येता.

१६ तारखेला, शनिवारी, सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात सामान उतरवायचं काम मिळतं. रात्री बाजूच्या दाराशी उभं राहून प्रयोग पाहायची मुभाही मिळते. विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ आज पहिल्यांदा रंगमंचावर येतंय.

समोर बारा बामणांची रांग डुलत, गात उभी आहे. तीच भिंत होते, तीच पडदा होते. ती फुटली की आत वाडा दिसतो, मिटली की पुन्हा रस्ता. कृष्णदेव मुळगुंदांनी ही हालचाल बसवलीय, जब्बार पटेलांनी नाटक. पण तुम्हाला धरून ठेवतात ते सूर. टाळ वाजतो तसा तुम्ही हरिनाम सप्ताहात वाजवलाय. ही लावणी तुम्ही तमाशाच्या कनातीत ऐकलीय. कीर्तनाला निघालो म्हणणारे बामण बावनखणीची, नाचणाऱ्या बायांच्या वस्तीची, वाट धरतात आणि अभंग चालता चालता लावणीत शिरतो. ढोंग कळायला तुम्हाला एकाही संवादाची गरज पडत नाही.

हे संगीत रचणारे भास्कर चंदावरकर ३६ वर्षांचे आहेत. पंडित रविशंकरांकडे सतार शिकलेले, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणारे. कुमार शहानींच्या ‘माया दर्पण’ चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. नवं काही करायला त्यांनी परका आवाज आणलेला नाही. कोणत्या सुराशेजारी कोणता सूर ठेवायचा, हा निर्णय त्यांचा आहे, आणि त्या निर्णयातच त्यांचं संगीतकारपण आहे. याच सुमारास नॉर्वेचे आर्ने नॉर्डहाइम वॉर्साच्या स्टुडिओत ध्वनिफितींवर नवे आवाज घडवून संगीत रचतायत. चंदावरकर तेवढंच धाडस माणसांच्या गळ्यांवर करतायत.

आता वर्षं भराभर ओलांडा. १९ प्रयोगांनंतर नाटक करणारी संस्थाच ते थांबवते. कलाकार १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढतात, पुढच्या वर्षी ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहतं. १९७५ मध्ये ‘सामना’ हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत उतरतो. त्यातलं आरती प्रभूंचं गाणं चंदावरकरांच्या चालीत आहे आणि रवींद्र साठ्यांचा आवाज त्याला मिळालाय. १९८० मध्ये प्रचंड विरोधातून वाट काढत ‘घाशीराम’ युरोपला जातं. मराठी न कळणारे लोक तिथं अंधारात बसलेत. अभंग कुठं वाकला, हे त्यांनाही ऐकू येतं. पण तो मुळात किती सरळ होता, हे तुम्हालाच ठाऊक आहे.

२००९ मध्ये चंदावरकर गेले. ‘वाद्यवेध’सारखी पुस्तकं मागे ठेवून गेले. त्यांच्यावर बोलताना सतार, इन्स्टिट्यूट, युरोप यांची नावं घेतली जातात, ती घ्यायलाच हवीत. त्या यादीत सप्ताहाचा मांडव आणि तमाशाची कनातही घाला. समकालीन संगीत समजायला आपण अडाणी आहोत, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. या संगीताची अर्धी तालीम तुमच्या कानांनी गावातच पुरी केलीय.