थाइमचा वास, ओव्याचं फूल आणि एक महायुद्ध

मी आज नातेपुत्यातून बोलतोय, आमच्या घराच्या ओसरीवरून. मधेच कोंबडा आरवला तर समजून घ्या.

गोष्ट सुरू होते एका पुडीपासून. माझी ताई टोरांटोला असते. या दिवाळीला आली तेव्हा तिनं तिच्या बागेतला थाइम वाळवून आणला होता. थाइम म्हणजे युरोपातली मंडळी सूपमध्ये, मटणात घालतात ती बारीक पानांची वनस्पती. आजीनं चिमूटभर पानं तळहातावर चोळली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "अगं, हा तर ओवा!"

ताई हसली. "आजी, ओवा वेगळा. हा थाइम." आजी म्हणाली, "नाव काही का असंना, वास ओव्याचाच आहे."

कोण बरोबर? मी शोधायला बसलो आणि थेट पहिल्या महायुद्धात जाऊन पोचलो.

वनस्पतीशास्त्राचं विचाराल तर ताई बरोबर. थाइम हा तुळस-पुदिन्याच्या कुळातला. आपला ओवा धने, जिरे, बडीशेप यांच्या कुळातला. दोघांचं जवळचं नातं नाही. पण दोघांच्या तेलात एकच पदार्थ असतो, थायमॉल. तो तिखट, औषधी वास त्याचाच. म्हणजे नाकाच्या हिशेबानं आजीही बरोबर. आणि आजी एकटी नाही बरं का. हिमालयात जंगली थाइम उगवतो, त्याला तिकडची माणसं 'बनअजवायन' म्हणतात. रानातला ओवा!

आता इतिहास. १७१९ मध्ये बर्लिनच्या कास्पर नॉयमान यांनी थाइमच्या तेलातून हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला. थायमॉल हे नाव मिळालं १८५३ मध्ये. गंमत अशी, की आपल्याकडे हाच पदार्थ बाजारात विकला जात होता. उज्जैनसारख्या ठिकाणी ओवा पाण्यात घालून भट्टीवर त्याचा अर्क काढायचे. अर्क थंड झाला की वर स्फटिक जमायचे. त्याला नाव होतं 'अजवायन का फूल', आपल्या भाषेत ओव्याचं फूल. प्रयोगशाळेत तपासल्यावर कळलं, की हे फूल म्हणजेच थायमॉल.

ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एकत्र करून बाटलीत ठेवतात, आठवतंय? तिन्ही घट्ट, पण एकत्र आले की आपोआप पाणी होतं. तीच अमृतधारा. त्यातला एक भिडू हा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी थायमॉलला एकदम भाव आला. ते जंतुनाशक तर होतंच, पण आतड्यातल्या हूकवर्म नावाच्या कृमीवर ते त्या काळचं मोठं औषध ठरलं. हा कृमी रक्त पितो, माणूस पांढराफटक पडतो, कामाला उठवत नाही. १९०९ नंतर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रॉकफेलरच्या पैशातून मोठी मोहीम निघाली, तिथे हेच औषध वाटलं गेलं. औषध कडक होतं. सोबत तेल किंवा दारू घ्यायला सक्त मनाई, कारण मग ते अंगात भिनून विषबाधा व्हायची.

मग हे थायमॉल यायचं कुठून? थाइमची झाडं लावून? नाही. थाइमपेक्षा ओव्यातून ते जास्त आणि स्वस्तात निघायचं. त्यामुळे भारतातला ओवा पोत्यांनी जहाजात चढायचा आणि जायचा जर्मनीला. लाइपझिगची शिमेल कंपनी त्यातून थायमॉल काढून जगभर विकायची. बी आपलं, कारखाना त्यांचा.

१९१४ ला युद्ध पेटलं आणि हा रस्ता बंद झाला. थायमॉलचे भाव कडाडले. ब्रिटनला तेव्हा जाग आली, की माल आपल्या साम्राज्यातला आणि तो विकत घ्यावा लागतोय शत्रूकडून! घाईघाईनं भारतात थायमॉल काढायचे प्रयत्न झाले. अमेरिकेत तर हॉर्समिंट नावाच्या रानटी झाडातून ते काढून बघितलं. पण युद्ध संपलं आणि कारखान्यात रसायनांपासून थायमॉल बनायला लागलं. हूकवर्मवर १९२१ च्या सुमारास दुसरी औषधं आली. ओव्याची ती संधी आली तशी निघून गेली.

हे सगळं मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपण नुसतं बी विकलं." एवढंच.

आता ताईच्या बागेकडे. तिचा थाइम दोन वर्षं हिवाळ्यात मेला होता. तिला वाटायचं, उणे वीसची थंडी बाधली. खरं तर थाइमला बर्फाचं भय कमी, साचलेल्या पाण्याचं जास्त. बर्फ वितळताना मुळं पाण्यात राहतात आणि कुजतात. ताईनं काळी माती भरली होती आणि तुळशीला घालावं तसं रोज पाणी घालत होती! आजीनं फोनवर ऐकलं आणि सांगितलं, "मातीत खडी मिसळ, वाफा उंच कर. ओव्यालाही पाणी तुंबलेलं सोसत नाही." तिसऱ्या वर्षी बर्फाखालून हिरवे कोंब आले. पुडी त्याच झाडाची.

खरी हुरहुर आहे ती इथे, नातेपुत्यात. नीरेच्या कालव्याचं पाणी आलं तसा आमच्या रानात ऊस आला. पैसा आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण कोरडी, निचऱ्याची जागा मागणारा ओवा आधी बांधावर सरकला, मग दोन सरींवर. गेल्या वर्षी अण्णा म्हणाले, "आता हेही बंद करू, पुडी दुकानात मिळते की." आजी काही बोलली नाही. तिच्या डब्यात घरच्या बियाण्याची शेवटची मूठ होती.

ताई परत जायच्या आदल्या दिवशी अण्णांनी स्वतःच दोन सरी मोकळ्या केल्या. कशामुळे, ते मी विचारलं नाही. ताईनं आणि आजीनं मिळून बी फोकलं. आता बोटभर रोपं आली आहेत.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर मिसळणाचा डबा उघडा, ओव्याची चिमूट चोळा आणि वास घ्या. याच वासासाठी एके काळी जहाजं भरून जायची. भेटू पुढच्या भागात. राम राम!