जनुके की सिगारेट? एका वादाची पन्नास वर्षे

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२२ साली फुफ्फुसाच्या कर्करोगाने ६१२ माणसे दगावल्याची नोंद आहे. १९४७ साली हा आकडा ९,२८७ झाला. पंचवीस वर्षांत पंधरा पट! कारण शोधण्यासाठी रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांत पाहणी केली. हा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे अवघे २ निघाले; इतर आजारांच्या तेवढ्याच पुरुषांत ते २७ होते. हे निष्कर्ष १९५० साली प्रसिद्ध झाले.

थोर संख्याशास्त्रज्ञ आणि आनुवंशिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांना मात्र ते पटले नाहीत. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, असा त्यांचा आक्षेप. एखादे जनुकच माणसाला सिगारेटकडे ओढत असेल आणि तेच कर्करोगही घडवत असेल तर? एकबीज जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी इतर जुळ्यांपेक्षा अधिक सारख्या असतात, हे त्यांनी १९५८ साली दाखवले. फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते. पण तेवढ्याने त्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही. तो तपासावाच लागतो.

पहिली तपासणी साधी आहे. एखाद्या देशातील लोकांची जनुके पंचवीस वर्षांत बदलत नाहीत. मग रोग पंधरा पट कसा वाढला? दुसरी तपासणी जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली मांडली. धूम्रपान करणाऱ्यांना धोका नऊ पट असेल आणि तो केवळ जनुकामुळे असेल, तर ते जनुक त्यांच्यात निदान नऊ पट अधिक आढळायला हवे. असे जनुक कुणालाच सापडलेले नाही.

मग आनुवंशिकतेचा काहीच संबंध नाही का? आहे. रुग्णांच्या रक्ताच्या नात्यात हा रोग अधिक आढळतो, हे टोकुहाटा आणि लिलियनफेल्ड यांनी १९६३ साली दाखवले. पुढे २००८ साली तीन संशोधक गटांना पंधराव्या गुणसूत्रावर एकच जागा सापडली. तेथील जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांना निकोटीन चिकटते. या जागेवरील एका विशिष्ट बदलाची एक प्रत वारशाने मिळालेल्या धूम्रपान करणाऱ्याचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी, तर दोन प्रती मिळालेल्याचा सुमारे ८० टक्क्यांनी वाढतो. हा बदल असणारे दिवसाला सिगारेटीही अधिक ओढतात.

म्हणजे जनुकाचा सवयीशी संबंध असतो, हे फिशर यांचे अर्धे म्हणणे खरे ठरले. पण ज्यांनी कधीच धूम्रपान केले नाही, त्यांच्यात पुढील मोठ्या अभ्यासांना या बदलामुळे वाढलेला धोका आढळला नाही. धूर नसेल तर हे जनुक जवळजवळ निरुपद्रवी!

‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विड्या ओढत होते, त्यांना काही झाले नाही,’ असे एखादा विद्यार्थी म्हणेल. त्याला आपण सांगू शकतो : वारशाने धोका कमी-अधिक होतो, पण धूम्रपानाने तो दहा पटींहून अधिक वाढतो. वारसा निवडता येत नाही. विडी खाली ठेवता येते.