कोटाच्या वेशी आणि वाहनांच्या वाटा : मुंबईच्या फोर्ट विभागाच्या वास्तुरचनेचा एक अभ्यास

प्रस्तावना

मुंबईतील 'फोर्ट' या विभागात आज किल्ल्याची तटबंदी उरलेली नाही; उरले आहे ते केवळ नाव. जुन्या मराठी बोलण्यात या भागास 'कोट' म्हटले जाई आणि त्यापलीकडची वस्ती 'बाहेरकोट' म्हणून ओळखली जाई. कोटाला अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट अशा तीन वेशी होत्या. त्यांपैकी चर्च गेटचे नाव रेल्वे स्थानकाने आणि बाजार गेटचे नाव एका रस्त्याने जपून ठेवले आहे. या विभागातील वास्तूंचा विचार बहुधा शैलीच्या अंगाने होतो : गॉथिक, नवअभिजात, आर्ट डेको. प्रस्तुत लेखात मात्र या वास्तू पायी चालणाऱ्याला आणि सार्वजनिक वाहनांतून येणाऱ्याला कशा भेटतात, व त्यातून शहराच्या इतिहासाविषयी काय हाती लागते, याचा विचार केला आहे.

तटबंदीचे पतन

१७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटाच्या उत्तर भागात भीषण आग लागली. त्यानंतर एतद्देशीय वस्ती एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानापलीकडे अधिक वेगाने वाढू लागली. पुढे साठ वर्षांनी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत (१८६२-६७) तट पाडण्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाच्या व्यापारात मुंबईला अमाप पैसा मिळाला होता. १८६५ मध्ये तो फुगा फुटला, तरी इमारतींच्या योजना थांबल्या नाहीत. गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ साली, म्हणजे नेमके या उलथापालथीच्या काळात प्रसिद्ध झाले. मराठीतील या पहिल्या नगरवर्णनाची कालगणना ध्यानात घेतली म्हणजे तट पाडणे ही केवळ राज्यकर्त्यांच्या दप्तरातील घटना राहत नाही. शहरात राहणारा, हिंडणारा मराठी लेखकही त्याच वेळी त्या शहराकडे डोळसपणे पाहत होता.

चर्च गेटच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. वेस गेली आणि तेथे चौक आला. ज्या जागी ये-जा अडवली जात असे, तेथूनच पुढे शहरातील सर्वाधिक ये-जा होऊ लागली.

बोरीबंदरचे दार

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. त्या ठिकाणची आजची भव्य वास्तू फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखली. तिचे काम १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये पूर्ण झाले. फाटकाच्या दोन खांबांवर सिंह आणि वाघ बसलेले आहेत, त्यांतला एक इंग्लंडचा व दुसरा हिंदुस्थानचा. घुमटाच्या शिखरावर 'प्रगती'ची मूर्ती आहे. मात्र दगडातील पाने, फुले, पक्षी व प्राणी हे अलंकरण घडवण्यात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात होता आणि बांधकामाच्या देखरेखीत सीताराम खंडेराव यांच्यासारखे एतद्देशीय अभियंते होते, ही बाब पर्यटकांच्या मार्गदर्शिकांत क्वचितच येते. १९९६ मध्ये स्थानकास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले आणि २००४ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. ही वास्तू पाहण्यासाठी परदेशी प्रवासी समोरच्या फूटपाथवर उभा राहतो. लोकलने रोज येणारा प्रवासी मात्र फलाटावरून थेट गर्दीबरोबर बाहेर पडतो. दर्शनी भाग त्याच्या पाठीशी राहतो. परंतु नक्षीदार कमानींच्या तिकीटघरात रांगेत उभे राहण्याचा अधिकार त्याचाच. वास्तू वापरात असणे हे तिच्या जतनाचे मोठे साधन आहे, हे वारशाच्या चर्चेत पुरेसे मान्य केले जात नाही.

कमानींखालून आणि वरच्या मजल्यावरून

स्थानकापासून फ्लोरा फाउंटनकडे जाणारा हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, हा पायी चालण्यासाठीच घडवलेला रस्ता म्हणता येईल. दोन्ही बाजूंच्या इमारतींना तळमजल्यावर सलग कमानींचा ओटा आहे. इमारती निरनिराळ्या मालकांच्या, शैलीही निरनिराळ्या. पण ऊन आणि मुंबईचा पाऊस यांपासून पादचाऱ्याला आडोसा देण्याची अट सर्वांनी पाळली. खाजगी मालमत्तेतून सार्वजनिक वाट काढणारा हा नियम कोणत्याही घुमटापेक्षा अधिक मोलाचा होता. कमानींखालून चालणाऱ्याला मात्र वरचे सज्जे आणि कोरीव पट्टे दिसत नाहीत.

ते दिसत असत वाहनातून. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिचा एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीस जाई, म्हणजे कोट आणि बाहेरकोट एका भाड्यात जोडले गेले. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही पहिली मोटारबस धावली आणि १९३७ मध्ये दुमजली बस आली. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसलेल्या शाळकरी मुलाला जे कोरीवकाम समोरासमोर दिसे, ते खालून मान वर करणाऱ्या अभ्यासकालाही दिसत नसे. ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम बंद झाली. डिझेलवरील जुन्या दुमजली बसगाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये थांबल्या. त्याच वर्षी विजेवरील वातानुकूलित दुमजली बस रस्त्यावर आली होती. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत जाते. ती वेगवान व सोयीची आहे यात शंका नाही. परंतु तिच्या प्रवाशाला चर्चगेट आणि हुतात्मा चौक यांमधील शहर दिसत नाही, ते पाटीवर वाचावे लागते.

ओव्हलच्या दोन बाजू

ओव्हल मैदानाच्या पूर्वेस जुने सचिवालय, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय यांची रांग आहे. विद्यापीठाचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी तयार केले; ते स्वतः मुंबईत कधी आले नाहीत. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या मनोऱ्यास त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव मिळाले. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील विविध जातींच्या माणसांच्या मूर्ती आहेत. त्या रावबहादूर मकुंद रामचंद्र यांनी साकारल्या. आराखडा लंडनचा, पैसा गुजराती व्यापाऱ्याचा, चेहरे येथल्या माणसांचे; या इमारतीस निव्वळ 'ब्रिटिश वास्तू' म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पश्चिमेस १९३० च्या दशकातील आर्ट डेको इमारती आहेत. या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

त्या वारसाक्षेत्राच्या गाभ्यात बाजार गेटचा परिसर नाही. लाकडी सज्जांची जुनी घरे, अरुंद गल्ल्या आणि १७०९ मधील बनाजी लिमजी अग्यारी यांचा हा उत्तर कोट स्थानकापासून काही मिनिटांच्या अंतरावर आहे. बस तेथे आत शिरत नाही; पायीच जावे लागते. १९९५ च्या वारसा नियमावलीने इमारतींच्या याद्या केल्या; परंतु सामान्य व्यापाऱ्यांच्या घरांना वास्तुविशारदाचे नाव नसल्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष होणे सोपे जाते.

खुद्द तटाचा एक तुकडा मात्र अद्याप शिल्लक आहे. स्थानकाच्या पूर्वेस, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, फोर्ट जॉर्जच्या काळ्या दगडी भिंतीचा अवशेष उभा आहे. रुग्णाला भेटण्यासाठी आलेले नातेवाईक त्याच्या सावलीत डबा उघडून बसतात.