एकाच टेबलावर दोघे

(वेळा वॉशिंग्टनच्या. हवाई बेटे तेव्हा साडेपाच तास मागे होती.)

६ डिसेंबर १९४१, रात्री ९.३०
व्हाइट हाउसमधली अभ्यासिका. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट टेबलाशी बसले आहेत, हॅरी हॉपकिन्स येरझाऱ्या घालत आहेत. नौदलाचा एक तरुण अधिकारी कुलूपबंद थैली आणतो. तीत टोकियोच्या गुप्त खलित्याचे उलगडलेले तेरा भाग आहेत. चौदावा यायचा आहे. राष्ट्राध्यक्ष सावकाश वाचतात, कागद मित्राकडे देतात आणि त्यांचं वाचून होईपर्यंत थांबतात. मग म्हणतात, याचा अर्थ युद्ध.

हॉपकिन्सांनाही तेच वाटतं. युद्ध जपानच्या सोयीने सुरू होणार, मग पहिला घाव आपल्याला घालता येत नाही, ही हळहळ ते बोलून दाखवतात. रूझवेल्ट नकार देतात: आपण लोकशाही आहोत, शांतताप्रिय आहोत. या सगळ्या बोलण्यात पर्ल हार्बरचं नाव एकदाही येत नाही.

एवढं उघडपणे बोलणारा हॉपकिन्स हा माणूस कोण? आयोवातल्या खोगीर-लगाम बनवणाऱ्याचा मुलगा. १९३७ मध्ये कर्करोगामुळे पोटाचा मोठा भाग काढलेला, तेव्हापासून प्रकृती तोळामासा. मे १९४० मध्ये एका रात्री व्हाइट हाउसमध्ये जेवायला आला, बरं वाटेना म्हणून तिथेच झोपला आणि पुढे त्या घरातच राहिला. अशा माणसाला इतकं जवळ का ठेवता, असं रूझवेल्टांचे निवडणुकीतले प्रतिस्पर्धी वेंडेल विल्की यांनी विचारलं होतं. रूझवेल्टांचं उत्तर मला फार खरं वाटतं: या दारातून येणारा जो तो काहीतरी मागायला येतो, सेवेखेरीज काहीच न मागणारा एक माणूस लागतो.

७ डिसेंबर, सकाळी १०
चौदावा भाग येतो. जपानच्या लेखी वाटाघाटी संपल्या आहेत.

दुपारी १.२५
पर्ल हार्बरला सकाळचे ७.५५. पहिले बॉम्ब पडतात.

इकडे दोघं त्याच टेबलावर जेवत आहेत. विषय युद्धापासून खूप लांबचे, असं हॉपकिन्स नंतर लिहून ठेवतात.

सुमारे १.४०
नौदलमंत्री नॉक्स यांचा फोन: पर्ल हार्बरवर हवाई हल्ला, हा सराव नाही.

हॉपकिन्स लगेच म्हणतात, काहीतरी चूक असणार, जपान होनोलुलूवर कसा हल्ला करील! रूझवेल्टांना बातमी खरी वाटते. खरी असेल तर निर्णय आपल्या हातात उरलाच नाही, जपाननेच तो घेतला, असं ते म्हणतात. हॉपकिन्सांचा अंदाज साफ चुकला होता. तरीही मला या क्षणी त्यांची किंमत कळते. तोंडदेखलं ‘हो’ म्हणणारे राष्ट्राध्यक्षाला हवे तितके मिळतात. मनात आलं ते तिथल्या तिथे बोलणारा, आणि त्यावर ज्याला मोकळं उत्तर देता येतं, असा माणूस त्या खोलीत होता.

२.२८
नौदलप्रमुख स्टार्क बातमी पक्की करतात. नुकसान मोठं आहे. मृतांचा आकडा पुढे २,४०३ वर जातो.

संध्याकाळी ५ च्या सुमारास
रूझवेल्ट भाषण सांगतात, ग्रेस टली लिहून घेतात. मसुद्यात शेवटाकडे एक वाक्य हॉपकिन्सांचं येतं: सैन्यावर भरवसा, लोकांचा निर्धार, अटळ विजय, आणि देवाची साथ. दुसऱ्या दिवशी दुपारी रूझवेल्ट ते संसदेत उच्चारतात. युद्धघोषणेवर मतदान होतं: सिनेटमध्ये ८२ विरुद्ध शून्य, प्रतिनिधिगृहात ३८८ विरुद्ध १. अमेरिका युद्धात उतरते.